सुहासिनीचं अमेरिकन बिल

२०२१ च्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीत एक बाई अशी होती, जिला स्वतःच्या चुलत नणंदांची नावं धड सांगता येत नव्हती, पण अमेरिकेच्या सिनेटमधले कुंपणावर बसलेले सगळे सभासद राज्यासकट तोंडपाठ होते. कोण कधी उडी मारेल, कोणाला आपल्या गावात पूल हवाय, कोण नुसताच भाव खातोय, काहीही विचारा. या बाईचं नाव सुहासिनी वानखेडे. मूळची नागपूरची, धरमपेठेतली. नवऱ्याच्या मागोमाग इकडे आली त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती. नवरा, संजय, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. "आमचे हे माणसं झोपवतात," ती नव्या ओळखीच्यांना सांगायची. "हॉस्पिटलात सुईनं, घरी बोलून."

अमेरिकेत ती कधी गेली नव्हती. जायची हौसही नव्हती. न्यू जर्सीचा मामेभाऊ दर दिवाळीला आपल्या नव्या किचनचा फोटो पाठवायचा, तेवढी अमेरिका तिला पुरे होती. पण तिची नोकरी अमेरिकेच्या हातात होती, आणि ती गेली होती.

कंपनीचं नाव आणि मालक इतक्यांदा बदलले होते की तिथे काम करणारे सगळे तिला नुसतं 'वर्क्स' म्हणत. शेवटचे मालक शिकागोचे. वर्क्समध्ये एक मुठीएवढी काळी डबी बनायची. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपाला ती कायमची बसवायची. पाइप कुठे गळायला लागला की डबी तो आवाज ऐकते आणि वर कळवते. भिंतीला कान असतात म्हणतात, सुहासिनीची कंपनी पाइपांना कान बसवायची. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः अमेरिकेतल्या नगरपालिका, कारण तिकडचे पाइप आपल्याकडच्या नळांनाही लाजवतील इतके गळके.

सुहासिनीचं काम प्लॅनिंगचं. कुठला भाग कधी येणार, कुठली ऑर्डर आधी, लाइनवर कोण कुठे बसणार. लग्नघरात एक मावशी असते ना, पदर खोचून फिरणारी, जिच्या परवानगीशिवाय पंगत बसत नाही आणि वरण उतरत नाही? तेच काम, फक्त हेअरनेट घालून. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन टेम्पररी म्हणून ती तिथे शिरली आणि कायमची झाली.

मग कोविड आला. अमेरिकेतल्या नगरपालिकांनी पाकिटं मिटली. काही महिने सगळे फर्लोवर, म्हणजे सरकार पगार देईल त्या सुटीवर, घरी बसले, आणि एका दुपारी शिकागोहून ब्रॅड नावाचे व्हाइस प्रेसिडेंट झूमवर उगवले. त्यांच्या मांडीवर एक पांढरा कुत्रा होता.

"हा निर्णय घेणं मला व्यक्तिशः फार जड गेलं," ब्रॅड म्हणाले. कुत्र्यानं त्यांची हनुवटी चाटली. "पण कंपनी योग्य आकाराची करणं भाग आहे."

"कोणासाठी योग्य?" सुहासिनीनं विचारलं. खोलीतल्या खोलीत. कॉव्हेंट्रीचे सगळे मायक्रोफोन त्यांनी तिकडूनच बंद करून ठेवले होते. कुत्र्याचा मात्र चालू होता.

अशी ती घरी आली, म्हणजे घरीच होती ती घरीच राहिली. महिनाभर तिनं कपाटं आवरली. मग तिनं सुपरमार्केटात ऑनलाइन ऑर्डर भरण्याची नोकरी धरली. सकाळी दुकान उघडायच्या आधी ट्रॉली घेऊन दुसऱ्यांच्या घरचा बाजार करायचा. तिथे एक नियम होता, वस्तू नसेल तर जवळची दुसरी द्यायची. कोथिंबिरीच्या जागी तशीच दिसणारी पार्स्ली टाक म्हणाल्यावर तिनं सुपरवायझरला सांगितलं, "हे म्हणजे जावई नाही आला म्हणून त्याचा फोटो पाटावर बसवण्यासारखं आहे." सुपरवायझर एकोणीस-वीस वर्षांचा. तो म्हणाला, "ओके, बट पार्स्ली."

संजयला हे काम पसंत नव्हतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "सुहास, आपलं काही अडलंय का? तुला गरज काय आहे?"

ती त्याला एरवी संजय म्हणायची. 'अहो' निघालं की समजायचं, पुढे खड्डा आहे.

"अहो," ती म्हणाली, "गरज आपल्या बँकेला नाहीये. मला आहे. वर्क्समध्ये सकाळी पाय ठेवला की चार जण विचारायचे, सुहास, आता काय करायचं? मी सांगायचे, आणि ते व्हायचं. या घरात मला कोणी काय विचारतं? मोजे कुठे आहेत!"

संजयनं थोडा विचार केला. त्याला खरंच मोजे कुठे आहेत ते विचारायचं होतं. तो अनवाणीच राहिला.

बिल तिच्या आयुष्यात आलं ते फ्रोझन मटारांच्या फ्रीजरपाशी. वर्क्सचा मॅनेजर ग्रॅहम तिथे भेटला, मास्क नाकाखाली, हातात फिश फिंगर्स. ग्रॅहमला मालकांनी ठेवलं होतं, कारण कुलूप लावायला कोणीतरी हवंच. तो म्हणाला, अमेरिकेत नवं सरकार आलंय. गेलेल्या नोकऱ्या परत आणायच्या म्हणून रस्ते, पूल, पाणी यांच्यावर प्रचंड खर्च करायचं त्यांच्या मनात आहे. पाणी म्हणजे पाइप. पाइप म्हणजे आपण.

"ते बिल पास झालं ना, सुहास, तर पहिला फोन तुला. आणि मग सगळ्या लाइनला."

त्या दिवसापासून सुहासिनी अमेरिकेच्या संसदेचं कामकाज बघायला लागली. लॅपटॉपवर सिनेट लावायची आणि समोर मेथी निवडत बसायची. तिला वाटलं होतं, जगातली सगळ्यात ताकदवान माणसं म्हणजे काय धडाक्याची भाषणं असतील. बघते तर काय, एक म्हातारा रिकाम्या खुर्च्यांपुढे आपल्या राज्यातल्या मक्याचं कौतुक करतोय. नागपुरात महापालिकेची सभा तिनं कॉलेजात असताना गॅलरीतून बघितली होती. तिथे निदान माइक उपटायचे.

तिची मैत्रीण वरदा, समोरच्या रस्त्यावर राहणारी, तिला विचारायची, "ते बायपार्टिझन बायपार्टिझन म्हणतात, ते काय असतं गं?"

"दोन्ही पक्षांनी मिळून पास केलेलं बिल."

"म्हणजे सासूनं आणि सुनेनं मिळून केलेला साखरभात?"

"अगदी. आणि पाहुण्यांना दोघी सांगणार, मीच केला. करपला असेल तर तिनं."

ऑगस्टमध्ये सिनेटनं बिल पास केलं. दोन्हीकडच्यांनी हात वर केले. सुहासिनीनं शिरा केला. मग कळलं की अजून दुसरं सभागृह बाकी आहे आणि तिथे ते आता लोणच्यासारखं मुरत ठेवणार आहेत. नॉटिंगहॅमला शिकणारी तनया दर रविवारी फोनवर विचारायची, "आई, तुझी बिल पास झाला का?" तनयाचं मराठी इंग्लंडात वाढलं होतं, त्यात स्त्री-पुरुष समान होते.

हे मुरणं चालू असतानाच गणपती आले, आणि कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात फूट पडली. एकीकडे डॉक्टर मंडळी. त्यांच्या पुढारी मधुमतीकाकू, रिटायर्ड जीपी, सत्तरी पार, आवाज पंचविशीचा. त्यांचं म्हणणं, कोविड गेला नाहीये, गणपती झूमवर. दुसरीकडे आयटीवाले. त्यांचा पुढारी अंबरीश, हिंजवडीहून व्हिसावर आलेला, घरात ढोल असलेला. त्याचं म्हणणं, हॉल, ढोल, आणि दीडशे माणसं. दोघांनी व्हॉट्सअॅपवर एकमेकांना इतक्या आदरानं 'आपण' म्हणायला सुरुवात केली, की आता मारामारी होणार हे सगळ्यांना कळलं.

सुहासिनीला कोणी मध्यस्थी करायला सांगितलं नव्हतं. पण सिनेट बघून बघून तिला एक गोष्ट कळली होती: समोरच्याला पटवायचं नसतं. त्याच्या गावात पूल बांधायचा असतो.

ती आधी काकूंकडे गेली. म्हणाली, "काकू, तुमच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला गेल्या वर्षी झूमवर किती जण शेवटपर्यंत होते हो?"

काकूंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "ते कॅमेरे बंद करून ऐकत होते."

"हॉलमध्ये कॅमेरा बंद करता येत नाही," सुहासिनी म्हणाली. "दारं बंद करता येतात."

मग ती अंबरीशकडे गेली. ढोल वाजेल, पण बाहेर कार पार्कमध्ये, आरतीआधी. येण्याआधी प्रत्येकानं टेस्ट करायची, खिडक्या उघड्या, डॉक्टरांना पंख्याखालची रांग. प्रसाद लेस्टरहून, बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी हलवायांकडून, पाकिटात. आणि माइक अंबरीशच्या हातात.

"पूर्ण वेळ?" अंबरीशनं विचारलं.

"काकूंच्या गाण्याचा सोडून."

"त्या किती वेळ गातात?"

"ते देवाच्या हाती," सुहासिनी म्हणाली.

गणपती झाले. दोन्ही पक्षांनी सांगितलं, आमच्यामुळेच झाले. काकू इतक्या गायल्या की शेवटी अंबरीशनं माइकची बॅटरी संपली असं जाहीर केलं. घरी येताना गाडीत संजय म्हणाला, "तू हे कसं जमवलंस?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिला बरं वाटलं, पण तिनं दाखवलं नाही.

नोव्हेंबरात, भाऊबिजेच्या सकाळी ती ओवाळणीचं ताट करायला लवकर उठली. लेस्टरचा राजीव, तिचा चुलतभाऊ, जेवायला येणार होता. सवयीनं तिनं फोन बघितला, आणि एवढ्या जोरात ओरडली की संजय पायजम्यावर जिन्यानं धावत खाली आला.

"पास झालं! संजय, पास झालं!"

"तनया? ड्रायव्हिंग टेस्ट?"

"अरे टेस्ट काय! बिल! रात्रीतून पास केलं त्यांनी!"

तनया त्याआधी ड्रायव्हिंगमध्ये दोनदा नापास झाली होती, त्यामुळे संजयचा चेहरा जरा पडला. पण बायकोला नाचताना बघून त्यानंही गुडघ्याला झेपेल तेवढा ठेका धरला. राजीव आला तेव्हा त्याला आधी बिलाची हकीकत ऐकावी लागली, मग ओवाळणं. "या आनंदात मी घालायची ओवाळणी कमी चालेल का?" असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली.

ग्रॅहमनं शब्द पाळला. नव्या वर्षाच्या सुरुवातीला वर्क्सचं कुलूप निघालं. सुहासिनीनं लेस्टरहून पेढे आणले आणि लाइनवरच्या सगळ्या बायकांना वाटले. मॉरीननं तर चार खाल्ले. मॉरीन म्हणजे लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, कॉव्हेंट्रीची पिढीजात, सिगारेटनं घोगरा झालेला आवाज आणि घड्याळजीसारखे हात. पाणी आत शिरू न देणारं रबरी गॅस्केट डबीत बसवावं तर मॉरीननंच. ती बोटं चाटत म्हणाली, "हे तुझ्या त्या अमेरिकन लोकांनी पाठवलेत का गं?"

"त्यांनीच समज," सुहासिनी म्हणाली.

फार चांगले महिने होते ते. ऑर्डरी यायला लागल्या. सुहासिनी पदर खोचून, म्हणजे हेअरनेट घालून, फिरत होती.

आणि वसंतात ब्रॅड परत झूमवर आले. कुत्रा तोच, जरा जाडा झालेला.

"मी आज फार उत्साहात आहे," ब्रॅड म्हणाले. व्हाइस प्रेसिडेंट उत्साहात असले की खालच्या माणसांनी पर्स जवळ ठेवावी.

गोष्ट अशी होती. ज्या बिलासाठी तिनं सिनेटपुढे मेथी निवडली, त्याच बिलात एक अट होती: सरकारी पैशानं जे बसवायचं, ते अमेरिकेत बनलेलं हवं. अमेरिकेत नोकऱ्या परत आणायच्या म्हणजे अमेरिकेतच आणायच्या, कॉव्हेंट्रीत नव्हे. तेव्हा डबी बनवण्याचं काम आता ओहायोमधल्या एका गावी जाणार, आणि वर्क्स बंद.

तिनं स्वयंपाकघरात येऊन आधी हसून घेतलं. इतकं, की संजयला वाटलं काही चांगलं झालं. एवढे महिने ती ज्यांच्या बाजूनं ओरडत होती, त्यांनी तिच्यावरच गोल मारला होता. मग तिला रडू आलं. संजयनं चहा केला, आणि पहिल्यांदाच त्यात साखर बरोबर पडली.

पुढची मीटिंग वकिलाबरोबर होती. वकील अटी समजावून सांगत होता. कंटाळून कंटाळून तो बोलता बोलता म्हणाला की जुळणी अमेरिकेत व्हायला हवी, आणि आतल्या भागांपैकी किमतीनं अर्ध्याहून थोडे जास्त अमेरिकन हवेत.

"आणि उरलेले?" सुहासिनीनं विचारलं. या वेळी मायक्रोफोन तिनं आधीच चालू करून ठेवला होता.

"उरलेले काय?"

"उरलेले अमेरिकन नसले तर चालतात?"

वकिलानं कागद चाळले. कुत्रा भुंकला. "तांत्रिकदृष्ट्या," वकील म्हणाला, "हो."

"मग जुळणी तुम्ही न्या. कान आम्ही करतो."

डबीतला खरा अवघड भाग तोच होता, आवाज ऐकणारा. बाकी सगळं डबडं. ब्रॅड म्हणाले, हे आपण नंतर बोलू. नंतर म्हणजे पुष्कळ नंतर. त्या काळात सुहासिनीनं ग्रॅहमला शिकागोला फोन करायला लावलं, शिकागोच्या सेल्सवाल्यांना समजावलं की सगळंच हलवलं तर ऑर्डरी वर्षभर लटकतील, आणि ब्रॅडना सुचवलं की "दोन देशांत एक कुटुंब" ही कल्पना त्यांचीच आहे, असं वरच्यांना सांगायला तिची काही हरकत नाही. ब्रॅडना ती कल्पना आपली असल्याचं हळूहळू आठवायला लागलं.

वर्क्स वाचलं. पण अर्धंच. लाइनवरच्या निम्म्या बायकांना जावं लागणार होतं, आणि जुळणी ओहायोला जाणार म्हटल्यावर गॅस्केट बसवणारे हात सगळ्यात आधी. म्हणजे मॉरीन. ग्रॅहम म्हणाला, "तू जिंकलीस, सुहास." तो रिटायर होणार होता, त्याला सोपं होतं.

मॉरीनला सांगायला सुहासिनी स्वतः गेली. ती बाहेर सायकलच्या शेडखाली सिगारेट ओढत उभी होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या त्या बिलानं मला घरी पाठवलं."

"दुसरी जागा बघते मी. टेस्टिंगला..."

"माझे डोळे टेस्टिंगचे राहिले नाहीत, तुला माहितीये." तिनं सिगारेट विझवली. "तुझे ते गोड मी चार खाल्ले गं त्या दिवशी."

भोंगा होईपर्यंत सुहासिनी तिच्याबरोबर शेडखाली उभी राहिली.

त्या शरदात तिला ओहायोला पाठवलं, तिकडच्या लोकांना काम लावून द्यायला. असं तिचं अमेरिकेत पहिलं पाऊल पडलं ते न्यू यॉर्कच्या झगमगाटात नव्हे, एका पूर्वी फ्रीजची दारं बनवणाऱ्या, मग बरीच वर्षं बंद पडलेल्या शेडमध्ये. तिथल्या लाइनची प्रमुख डार्लीन. साधारण सुहासिनीच्याच वयाची, दंड हमालासारखे, कानात लहान मुलींसारखे फुलाचे डूल. शेड बंद पडल्यावर तिनं धरलेली दुसरी नोकरीही, सुहासिनीसारखीच, २०२० मध्ये गेली होती. तेव्हापासून ती एका पेट्रोल पंपावर कॉफी विकत होती.

पहिल्याच दिवशी सुहासिनीनं विचारलं, "तुमच्या सिनेटरनं शेवटी बाजूनं मत दिलं, नाही का? मला आधी खात्री नव्हती."

डार्लीननं तिच्याकडे बघितलं. "आमचा सिनेटर कोण आहे?"

सुहासिनीनं नाव सांगितलं. दोघांची सांगितली.

"देवा," डार्लीन म्हणाली. "तुला घरी काही काम नसतं का?"

दोघींचं जमलं ते तिथून. डार्लीनचा नवरा या बिलाच्या विरुद्ध होता. घरासमोरच्या गवतात त्यानं सरकारला शिव्या देणारा फलक लावला होता, आणि त्याच फलकासमोरून डार्लीन रोज सकाळी बिलानं दिलेल्या नोकरीवर जायची. "तो म्हणतो, तत्त्वाचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "मी म्हणते, तुझं तत्त्व जेवणात काय खातं?"

उद्घाटनाला तिथला स्थानिक खासदार आला. चकचकीत बूट, कोरं हेल्मेट. फीत कापली, आणि या गावात नोकऱ्या परत आणताना आपल्याला किती अभिमान वाटतोय ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मग तो हात मिळवत रांगेतून पुढे सरकला आणि सुहासिनीपाशी आला.

"तुम्ही विरोधात मत दिलं होतं," ती म्हणाली.

"एक्सक्यूज मी?"

"बिलाच्या. या नोकऱ्या ज्या बिलातून आल्या त्याच्या. मी भाऊबिजेच्या सकाळी यादी वाचली होती."

खासदाराचं हसू जागेवरून हललं नाही. हे लोक ते घरूनच बसवून आणतात. "आम्ही सगळेच या नोकऱ्यांबद्दल फार उत्साहात आहोत," तो म्हणाला. "तुम्ही कुठून आलात?"

"कॉव्हेंट्री."

"आहा! कनेटिकट?"

"इंग्लंड."

"वेलकम होम," असं काहीतरी म्हणून तो पुढे सरकला. शेजारी डार्लीन खोकल्याचा बहाणा करून खाली वाकली होती. तिचे खांदे गदगदा हलत होते.

दुपारी दोघी डार्लीनच्या ट्रकमध्ये सँडविच खात बसल्या. डार्लीन म्हणाली, "एक विचारू? हे जे मी करते ना, गॅस्केटचं... हे तिकडे कोणी करत होतं?"

"मॉरीन."

डार्लीननं घास खाली ठेवला. "कशी आहे ती?"

"तोंडाळ. हात सोन्याचे. माझ्याशी बोलत नाही."

तिनं सँडविच परत कागदात गुंडाळलं. मग डार्लीन म्हणाली, "फ्रीजची दारं इथून मेक्सिकोला गेली, तेव्हा तिथून कोणी आम्हाला सॉरी म्हणायला आलं नव्हतं."

"मी पण सॉरी म्हणायला नाही आलेय," सुहासिनी म्हणाली. "तू गॅस्केट उलटं बसवतेस. ते सांगायला आलेय."

डार्लीननं आधी तिच्याकडे रागानं बघितलं, मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, चल, दाखव.

त्यानंतर दर दुपारी दोघींची स्क्रीनवर गाठ पडते. इकडून कान जातात, तिकडे डब्या बनतात, आणि चुकीचं खोकं गेलं की दोन्हीकडून शिव्या निघतात. संजय मध्ये रिटायर झाला आणि आता मधुमतीकाकूंच्या कार्यक्रमात तबला वाजवतो. काकूंना साथ करणारे पूर्वीचे दोघे सोडून गेले, कारण तब्येत. मॉरीन एका शाळेच्या किचनमध्ये लागली. रस्त्यात भेटली तर मान हलवते, थांबत नाही. सुहासिनीही तिला थांबवत नाही. आपण अर्ध्या लाइनची नोकरी वाचवली, असं तिला ग्रॅहमपासून काकूंपर्यंत सगळे सांगतात. ती "हो" म्हणते आणि विषय बदलते.

२०२५ मध्ये अमेरिकेत पुन्हा दुसरं सरकार आलं आणि त्यानं बाहेरच्या मालावर जकाती लावायला सुरुवात केली. कॉव्हेंट्रीच्या कानांचं काय करायचं ते ठरवायला डार्लीनला इकडे पाठवलं. ब्रॅडनी नव्हे, ते आणि कुत्रा दुसऱ्या कंपनीत उत्साहात होते. कामाचं बोलणं दोन दिवस चाललं. नगरपालिकांना डब्या तर हव्याच, आणि दुसरे कान कोणाकडे नाहीत, म्हणून जकात सोसून चालू ठेवायचं ठरलं. आणखी एक वर्ष. त्यापुढचं त्यापुढे.

शनिवारी सुहासिनी तिला लेस्टरला घेऊन गेली. बेलग्रेव्ह रोडवर डार्लीननं पाणीपुरीची पहिली पुरी दातानं अर्धी तोडली आणि सगळं पाणी जॅकेटवर घेतलं. दुसरी तिनं अख्खी तोंडात घातली. मग म्हणाली, "मला तिला भेटायचंय. मॉरीनला."

"ती नाही येणार."

"विचार तर खरं."

सुहासिनीनं दुकानाच्या दाराशी उभं राहून फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिकडून घोगरा आवाज आला. सुहासिनीनं सांगितलं, डार्लीन आलीये, ओहायोची, तुला भेटायचं म्हणतेय.

मॉरीन म्हणाली, "कशाला?"

"माहीत नाही. तिलाही माहीत नसावं."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. कोणीतरी रेडिओ बारीक केला. "नको," मॉरीन म्हणाली. "चिडले नाहीये मी. पण नको." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "ते डावीकडचं गॅस्केट दाबायचं प्रेस मशीन तिकडेच पाठवलंत ना? तिला सांग, ते सकाळी गार असताना अडकतं. ठोकू नको म्हणावं. गरम होऊ दे, आपोआप सुटतं."

सुहासिनी आत आली आणि डार्लीनला तसंच्या तसं सांगितलं.

"गरम होऊ द्यायचं!" डार्लीननं कपाळावर हात मारला. "आम्ही तीन वर्षं त्याला हातोडीनं हाणतोय." तिनं नॅपकिननं नाक पुसलं, आणि पुढच्या पुरीसाठी प्लेट पुढे केली.